सोशल सिक्युरिटीवरचा टॅक्स गेला म्हणतात, मग बाबांना बिल का आलं?

दादा, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बाबा ७२, आई ६८, दोघं सिटिझन, राहणार एडिसन, न्यू जर्सी. बाबांची सोशल सिक्युरिटी (अमेरिकेचं सरकारी निवृत्तीवेतन) वर्षाला ३०,००० आणि आईची १८,०००, मिळून ४८,००० डॉलर. २०२५ मध्ये बाबांनी आयआरएमधून (निवृत्तीसाठीचं बचत खातं, त्यातून काढलं की टॅक्स लागतो) ४०,००० काढले, त्यातले ३० हजार घरखर्चाला आणि १० हजार छप्पर बदलायला. इथल्या बँकेचं व्याज २,००० आणि पुण्याच्या बँकेतल्या एनआरई (एनआरआयसाठीचं खातं) एफडीचं व्याज साधारण ४,०००. टॅक्सवाला म्हणतो फेडरल टॅक्स २,८१४ डॉलर भरा. बाबा म्हणतायत सोशल सिक्युरिटीवरचा टॅक्स गेल्या जुलैतच काढून टाकला, एनआरई तर टॅक्स फ्रीच असते, हा माणूस लुबाडतोय, आणि त्यापेक्षा कायमचं पुण्याला गेलेलं बरं.

टॅक्सवाला बरोबर आहे. मी एन्रोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसचं (इथल्या टॅक्स खात्याचं) लायसन्स असलेली टॅक्सवाली आहे, न्यू जर्सीतच २२ वर्षं निवृत्त लोकांचे रिटर्न करतेय, तुमचे आकडे मांडून बघितले आणि २,८१४ च आले. पण बाबांचा राग अगदीच बिनबुडाचा नाहीये, कारण सोशल सिक्युरिटी खरोखर टॅक्स फ्री असती तर त्यांचं बिल शून्य आलं असतं. बाकीचं उत्पन्न ४६,००० आणि दोघांची सगळी डिडक्शन मिळून ४६,७००, विषय संपला असता. त्यामुळे त्यांना जे खटकतंय ते बरोबर जागी खटकतंय, फक्त दोष टॅक्सवाल्याचा नाही.

जुलैत झालं काय ते सांगते. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यात सोशल सिक्युरिटीच्या टॅक्सला हातच लावलेला नाहीये. त्या वेळी प्रचार तसा झाला, खुद्द सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसकडून लोकांना जो ईमेल गेला त्याची भाषासुद्धा अशी होती की वाचणाऱ्याला वाटावं टॅक्स गेलाच, आणि मग आमच्याकडे फोनवर फोन. ते बिल सिनेटमधून साध्या बहुमताने नेण्यासाठी ज्या खास रस्त्याने नेलं, त्या रस्त्याने सोशल सिक्युरिटीत बदल करताच येत नाही असा नियम आहे. म्हणून त्यांनी वळसा घातला, ६५ किंवा त्यावरच्या प्रत्येकाला ६,००० डॉलरचं जादा डिडक्शन दिलं, २०२५ ते २०२८ अशी चारच वर्षं. नवराबायको दोघं ६५ किंवा त्यावरचे असले तर १२,०००, पण मग रिटर्न जॉइंटच भरावा लागतो. एकट्याचं उत्पन्न ७५,००० च्या वर किंवा जोडप्याचं दीड लाखाच्या वर गेलं की हे डिडक्शन वितळायला लागतं. तुमच्या आईबाबांना पूर्ण १२,००० मिळालंय, टॅक्सवाल्याला रिटर्नसोबतचं शेड्यूल १-ए हे पान दाखवायला सांगा, त्यात दिसेल. ते नसतं तर बिल ४,२५० च्या आसपास गेलं असतं, म्हणजे साधारण १,४४० वाचलेत. हे बाबांना आधी सांगा, थोडं गार होतील.

आता मुख्य गोष्ट, ती जरा नीट वाचा कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सोशल सिक्युरिटीवर टॅक्स बसतो की नाही हे सोशल सिक्युरिटी किती मिळते यावरून ठरतच नाही, बाकीचे पैसे कुठून किती आले त्यावरून ठरतं. हिशोब असा: सोशल सिक्युरिटी सोडून बाकी सगळं उत्पन्न घ्यायचं, त्यात म्युनिसिपल बाँडचं (शहरांच्या, राज्यांच्या कर्जरोख्यांचं) तथाकथित टॅक्स फ्री व्याजही घालायचं, आणि त्यात सोशल सिक्युरिटीची निम्मी रक्कम मिळवायची. या बेरजेला आम्ही प्रोव्हिजनल इन्कम म्हणतो. जोडप्याची ही बेरीज ३२,००० च्या आत असेल तर सोशल सिक्युरिटीवर काही नाही. ३२ ते ४४ हजारच्या मधल्या पट्ट्यात वरच्या प्रत्येक डॉलरमागे सोशल सिक्युरिटीतले ५० सेंट टॅक्सेबल होतात, आणि ४४ च्या पुढे प्रत्येक डॉलरमागे ८५ सेंट, असं करत करत जास्तीत जास्त सोशल सिक्युरिटीच्या ८५ टक्क्यांपर्यंत. एकट्या माणसाला हेच आकडे २५,००० आणि ३४,००० आहेत.

८५ टक्के ऐकून लोक घाबरतात, ८५ टक्के टॅक्स कापतात असं समजून माझ्यापुढे रडकुंडीला आलेली माणसं मी बघितलीयेत. तसं नाहीये हो, टॅक्स ८५ टक्के नाही, रकमेचा ८५ टक्के भाग उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे १० किंवा १२ टक्के जे असेल ते लागतं. निदान १५ टक्के तरी प्रत्येकाचे सुटतातच, कितीही श्रीमंत असला तरी.

हे आकडे ऐकून तुम्ही म्हणाल ३२,००० ही काय मर्यादा झाली, एडिसनमध्ये प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा भरण्यातच त्यातले किती जातात. बरोबर आहे. हे आकडे १९८३ च्या कायद्यातले आहेत, १९८४ पासून लागू, आणि तेव्हापासून महागाईप्रमाणे एकदाही वाढवलेले नाहीत. त्याआधी सोशल सिक्युरिटी पूर्ण टॅक्स फ्री होती. १९९३ मध्ये वरचा ८५ टक्क्यांचा टप्पा आला, त्याचीही ३४ आणि ४४ हजारची रेष तिथेच. स्टँडर्ड डिडक्शन दरवर्षी वाढतं, स्लॅब वाढतात, सोशल सिक्युरिटीचा चेकसुद्धा दरवर्षी थोडा वाढतो, फक्त ही रेष हलत नाही, त्यामुळे दरवर्षी अजून थोडे लोक आपोआप तिच्या पलीकडे जातात. आणि हा पैसा जातो कुठे तर सोशल सिक्युरिटीच्याच आणि मेडिकेअरच्या (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) फंडात, म्हणून ती रेष हलवायला कुणी तयार होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ही सरळसरळ मागच्या दाराने केलेली टॅक्सवाढ आहे, पण माझ्या मताने रिटर्न भरता येत नाही.

आता बाबांचा हिशोब. बेरीज अशी की आयआरए ४०,०००, व्याज ६,०००, सोशल सिक्युरिटीची निम्मी २४,०००, म्हणजे ७०,०००. ४४ च्या वर २६,००० गेले, त्याचे ८५ टक्के २२,१००, त्यात खालच्या टप्प्याचे ६,००० मिळवा, २८,१००. म्हणजे ४८,००० पैकी २८,१०० टॅक्सेबल. एकूण उत्पन्न ७४,१००. त्यातून जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५००, वयाचे प्रत्येकी १,६०० प्रमाणे ३,२००, आणि ते नवीन १२,००० वजा केले की उरले २७,४००, त्यावर टॅक्स टेबलप्रमाणे २,८१४. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, ते १२,००० सगळ्यात शेवटी वजा होतात, त्यामुळे सोशल सिक्युरिटीचा किती भाग टॅक्सेबल हे ठरवताना त्यांचा काही उपयोग नाही.

आणि आता छपराचे दहा हजार. ते काढले नसते तर बेरीज ६०,००० वर थांबली असती, सोशल सिक्युरिटीचे १९,६०० च टॅक्सेबल झाले असते आणि बिल ८९० च्या आसपास आलं असतं. म्हणजे त्या एका विड्रॉवलवर साधारण १,९२० डॉलर टॅक्स पडला, जवळजवळ १९ टक्के, जेव्हा की बाबा स्वतःला १० ते १२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये समजतायत. कारण आयआरएचा प्रत्येक डॉलर एकटा येत नाही, सोबत सोशल सिक्युरिटीचे ८५ सेंट हाताला धरून घेऊन येतो. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याने येताना शेजाऱ्यालाही आणावं तसं. दहा हजार काढले, टॅक्सेबल उत्पन्न साडेअठरा हजारांनी वाढलं. एकट्या माणसाचं तर याच पट्ट्यात उत्पन्न २२ टक्क्यांच्या स्लॅबला टेकलं की वरच्या डॉलरवर चक्क ४०.७ टक्के पडतात, एवढा तर कोट्यधीशाचा सगळ्यात वरचा स्लॅबही नाही.

हेच दहा हजार बाबांनी बँकेच्या सेव्हिंगमधून दिले असते तर टॅक्स शून्य, कारण ते आपलेच आधी टॅक्स भरलेले पैसे. रॉथ आयआरएमधून, म्हणजे आधीच टॅक्स भरलेले पैसे टाकलेल्या आयआरएमधून, दिले असते (पाच वर्षं जुनं असेल तर) तरी शून्य, रॉथचे पैसे त्या बेरजेत धरतच नाहीत. निम्मे डिसेंबरात आणि निम्मे जानेवारीत काढले असते तर, हे मला हमखास विचारतात, तुमच्या केसमध्ये फार फरक नव्हता पडला, सत्तरेक डॉलर वाचले असते, कारण दोन्ही वर्षं त्याच पट्ट्यात. शेअर विकून दिले असते तर नफा बेरजेत आला असता. कॅपिटल गेनला तुमच्या स्लॅबमध्ये शून्य टक्के आहे हे खरं, पण तो शून्य टक्क्याचा नफासुद्धा सोशल सिक्युरिटीला ओढून आणतो, त्यामुळे तो शून्य फसवा आहे.

एनआरईचं आता. हा गैरसमज आपल्या लोकांत इतका मुरलाय की दर सीझनला एकदा तरी यावरून वाद होतो. एनआरई एफडीचं व्याज भारतात टॅक्स फ्री आहे, भारताच्या कायद्यात, तेही तुम्ही तिथे एनआरआय आहात म्हणून. अमेरिका आपल्या सिटिझनच्या आणि ग्रीन कार्डवाल्याच्या जगभरातल्या उत्पन्नावर टॅक्स लावते, तिला पुण्यातल्या बँकेने काय कबूल केलंय याच्याशी देणंघेणं नाही. तिच्या लेखी ते साधं व्याज. पीपीएफचं व्याजही तसंच, खात्यात पडून राहिलं आणि तुम्ही हात लावला नाही तरी. तुमच्या बाबांच्या त्या ४,००० मुळे बिल साधारण ८१० ने वाढलंय, परत तीच शेजाऱ्याला घेऊन येण्याची भानगड. एनआरओ खातं (एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं) असतं तर तिथे भारतात टीडीएस कापला गेला असता, त्याचं क्रेडिट इथे घेता येतं, एनआरईमध्ये तिथे काही कापलंच नाही तर क्रेडिट कशाचं घेणार.

एक गोष्ट जी घरच्या घरी तपासता येते ती म्हणजे एसएसए-१०९९, वर्षभरात किती सोशल सिक्युरिटी मिळाली त्याचा सरकारी कागद. जानेवारीत पोस्टाने येतो, दोघांचा वेगवेगळा. त्यातला बॉक्स ५ बघा. बरेच लोक बँकेच्या स्टेटमेंटवरून दर महिन्याला किती जमा झाले ते बारा वेळा मिळवून आकडा आणतात, आणि तो चुकतो, कारण मेडिकेअर पार्ट बीचा हप्ता आधीच कापून उरलेले जमा होतात. २०२५ मध्ये तो हप्ता माणशी महिना १८५ होता, म्हणजे दोघांचे मिळून वर्षाला ४,४४० डॉलर हातात आलेच नाहीत पण टॅक्ससाठी ते मिळालेच. बाबांचे वहीतले आकडे आणि रिटर्नवरचे आकडे जुळत नसतील तर नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं. एक काका माझ्याकडे येतात, दर वर्षी दोनशे पानी वहीत लाल पेनाने सगळं लिहून, आणि दर वर्षी आम्ही याच ४,४४० वरून दहा मिनिटं भांडतो, मग चहा पितो.

न्यू जर्सीचं चांगलंय, घाबरू नका. राज्य सोशल सिक्युरिटीवर टॅक्स लावत नाही, आणि ६२ किंवा त्यावरचे असाल तर पेन्शन आणि आयआरएच्या पैशावर सूट आहे, जोडप्याचं एकूण उत्पन्न १,००,००० च्या आत असेल तर १,००,००० पर्यंत. तुमच्या आईबाबांचा राज्याचा टॅक्स शून्य यायला पाहिजे, नसेल आला तर टॅक्सवाल्याला जाब विचारा. पण ही सूट दीड लाखाच्या वर एक डॉलर गेला की पूर्ण जाते, घर किंवा शेअर विकायच्या वर्षी हे लक्षात ठेवा. आणि आयआरएमध्ये भरलेल्या पैशावर न्यू जर्सी भरताना सूट देत नाही, म्हणून काढताना तेवढ्या भागावर परत टॅक्स लावत नाही, पण त्यासाठी कधी किती भरले त्याचा कागद लागतो, आणि १९९० च्या दशकातले कागद कुणाकडे असतात? असतील तर जपून ठेवा. बाकी राज्यांचं म्हणाल तर शेजारचं पेनसिल्व्हेनिया निवृत्तीच्या पैशाला हात लावत नाही, टेक्सास फ्लोरिडाला इन्कम टॅक्सच नाही, कॅलिफोर्निया सोशल सिक्युरिटी सोडतं पण आयआरए पूर्ण धरतं. नुसत्या टॅक्ससाठी नातवंडं सोडून फ्लोरिडाला जाऊ नका, तिकडे गेलेले किती जण चार वर्षांत परत आलेत मला माहितीये.

बाबा २०२६ मध्ये ७३ चे होतायत, त्यामुळे आता आरएमडी सुरू. म्हणजे आयआरएमधून दरवर्षी ठरावीक किमान रक्कम काढावीच लागते, गरज असो नसो. ३१ डिसेंबर २०२५ चा बॅलन्स भागिले २६.५, हा ७३ व्या वर्षाचा भाजक, दरवर्षी तो लहान होत जातो. समजा तीन लाख असतील तर ११,३२१ डॉलर. बाबा तसेही ३०,००० काढतायत म्हणजे आपोआप पूर्ण होतंय, पण दोन ठिकाणी लोक फसतात. एक, जुन्या कंपनीतला ४०१के (नोकरीतून मिळणारं निवृत्तीचं खातं) तसाच पडून असेल तर त्याचा आरएमडी त्यातूनच काढावा लागतो, आयआरएमधून जास्त काढलेले चालत नाहीत. आयआरए तीन असतील तर तिघांचा मिळून एकातून चालतो, ४०१के चं मात्र ज्याचं त्यानेच. दोन, आईच्या नावावर आयआरए असेल तर तिचा हिशोब वेगळा, ती ७३ ची झाली की तिच्याच खात्यातून, नवऱ्याने काढले म्हणून बायकोचं होत नाही. चुकलं तर न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड, लवकर सुधारलं तर १० टक्के. पहिल्या वर्षी पुढच्या १ एप्रिलपर्यंत मुदत असते, ती घेऊ नका असं मी जवळजवळ सगळ्यांनाच सांगते, कारण मग त्या वर्षात दोन आरएमडी येतात आणि दोन्ही सोशल सिक्युरिटीला ओढतात.

देणगी देत असतील तर आयआरएमधून थेट द्या. साडेसत्तर वय झालं की आयआरएमधून सरळ संस्थेच्या नावाने चेक पाठवता येतो, तो आरएमडीत धरला जातो आणि उत्पन्नात मात्र येत नाही, २०२५ मध्ये माणशी १,०८,००० पर्यंत. बाबा देवळाला आणि मंडळाला वर्षाला दोन हजार देत असतील तर खिशातून देण्यापेक्षा असे दिलेले कितीतरी बरे, आमच्या हिशोबाने त्यांना त्यावर चारेकशे डॉलर टॅक्स वाचला असता. फक्त संस्था इथली, ५०१सी३ दर्जाची (आयआरएसने धर्मादाय मानलेली) पाहिजे. गावाकडच्या शाळेला थेट पाठवलेले चालत नाहीत, आणि पैसे आधी बाबांच्या खात्यात येऊन मग दिलेलेही चालत नाहीत, अगदी एक दिवसही.

रॉथमध्ये कन्व्हर्ट करावं का, म्हणजे साध्या आयआरएचे पैसे आत्ताच टॅक्स भरून रॉथमध्ये न्यावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण पुढे विचाराल. त्याची खरी वेळ रिटायरमेंट आणि सोशल सिक्युरिटी सुरू होण्याच्या मधली वर्षं, तेव्हा शेजारी घरात नसतो. बाबांची ती वेळ गेली. आता कन्व्हर्ट केलं तर तोच १८-२२ टक्क्यांचा मार बसेल, आणि एकदा कन्व्हर्ट केलं की २०१८ पासून ते मागे घेता येत नाही. यात माझी स्वतःची एक चूक सांगते. धंद्यात नवीन होते तेव्हा एका जोडप्याचं मोठं कन्व्हर्जन मी मोठ्या उत्साहाने करून दिलं, स्लॅब वगैरे बरोबर बघून, आणि दोन वर्षांनी त्या काकांचा फोन, मेडिकेअरचं पत्र आलंय, हप्ता वाढलाय, का? कारण मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो आणि मी तिकडे बघितलंच नव्हतं. आजचे आकडे घ्या, २०२६ चा साधा हप्ता २०२.९० आहे, पण २०२४ चं जोडप्याचं उत्पन्न २,१८,००० च्या वर गेलं असेल तर माणशी २८४.१०, एक डॉलर वर गेला तरी पूर्ण. दोघांचे वर्षाला १,९०० च्या वर जातात. नोकरी सुटली किंवा जोडीदार गेला म्हणून उत्पन्न कमी झालं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून कमी करून घेता येतं, कन्व्हर्जनचं कारण चालत नाही. त्या काकांना त्या वर्षीची फी मी लावली नाही. तुमचे आईबाबा या रेषेपासून खूप लांब आहेत, काळजी नको.

आता एक अवघड गोष्ट, वाईट वाटून घेऊ नका, पण कुणीतरी सांगायला पाहिजे. उद्या दोघांतलं एक गेलं तर काय. समजा बाबा आधी गेले. ज्या वर्षी गेले त्या वर्षी आईला जॉइंट रिटर्न भरता येतो, पुढच्या वर्षीपासून ती सिंगल. दोन सोशल सिक्युरिटीतली मोठी राहते, ३०,००० ची, आईची स्वतःची १८,००० ची बंद. आयआरए तिच्या नावावर येतो, समजा ती तेच ३०,००० काढते आणि व्याज तेच ६,०००. जोडप्याचा टॅक्स ८९० होता ना, २०२५ च्याच नियमांनी आईचा एकटीचा येतो ३,५०० च्या आसपास. उत्पन्न १८,००० ने कमी, टॅक्स चौपट. रेष ४४ वरून ३४ वर आली, स्टँडर्ड डिडक्शन निम्मं झालं, ६,००० पण एकच. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना हे पहिल्यांदा कळलं ते माझ्या टेबलावर, नवऱ्याला जाऊन चौदा महिने झाले होते, त्या रिटर्नकडे बघून म्हणाल्या, म्हणजे ते गेले त्याचापण टॅक्स लावला. मला उत्तर सुचलं नाही. म्हणून दोघं आहेत तोवर, १२,००० चं डिडक्शन २०२८ पर्यंत आहे तोवर, बाबांच्या आयआरएमधून दरवर्षी थोडे जास्त काढून टॅक्स भरून सेव्हिंगला टाकणं किंवा थोडं थोडं कन्व्हर्ट करणं, हे मार बसत असूनही कधीकधी फायद्याचं ठरतं. वर मी कन्व्हर्जनला नाही म्हणाले आणि आता हो म्हणतेय असं वाटेल, पण बाबांच्या एकट्या टॅक्सचा विचार आणि आईच्या पुढच्या पंधरा वर्षांचा विचार यात उत्तर बदलतं. हा हिशोब बॅलन्स बघितल्याशिवाय करता येत नाही.

पुण्याला कायमचं जाण्याचं. सिटिझन आहेत तोवर कुठेही राहिले तरी १०४० (इथला टॅक्स रिटर्न) भरावाच लागतो. भारत-अमेरिका टॅक्स करारात सोशल सिक्युरिटीवर टॅक्स फक्त अमेरिकेने लावायचा असं आहे, त्यामुळे भारतात त्यावर लागत नाही, पण इथला सुटत नाही. सिटिझनशिप नसती आणि ग्रीन कार्ड परत करून गेले असते तर अजून वाईट, सोशल सिक्युरिटीच्या ८५ टक्क्यांवर सरसकट ३० टक्के, म्हणजे चेकमधून २५.५ टक्के कापूनच आले असते. आयआरएचं असं की सुरुवातीची दोन-तीन वर्षं भारतात आरएनओआर स्टेटस (नुकत्याच परतलेल्यांचा मधला दर्जा) असतो तोवर तिथे बाहेरच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, नंतर दोन्हीकडे दाखवायचं आणि क्रेडिट घ्यायचं. काढण्याआधीच आतल्या वाढीवर भारताने टॅक्स लावू नये म्हणून १९६१ च्या कायद्यात ८९ए कलम होतं, त्यासाठी १०-ईई फॉर्म वेळेत भरावा लागायचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, तिथल्या सीएला विचारूनच करा. रॉथ इथे टॅक्स फ्री म्हणून तिथेही असेल असं धरून चालू नका. आणि भारतात रेसिडेंट झाले की ते एनआरई खातंच एनआरई राहत नाही, तो फायदाही जातो. जायचं तर माणसांसाठी जा, टॅक्ससाठी जाण्यात काही हाती लागत नाही.

राहिला पैसे भरण्याचा प्रश्न. बाबांनी आयआरए काढताना टॅक्स कापू नका असं टिकमार्क केलेलं दिसतंय, म्हणून पूर्ण २,८१४ एकदम अंगावर आले. २०२४ चा टॅक्स शून्य आला असेल तर उशिराचा दंड लागणार नाही, नाहीतर थोडा लागेल, फार नाही. यंदापासून सोशल सिक्युरिटीतून कापायला डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरता येतो, ७, १०, १२ किंवा २२ टक्के एवढेच पर्याय. दर तिमाहीला चेक पाठवण्याच्या भानगडीत मी ज्येष्ठांना पाडत नाही, विसरतात. त्यापेक्षा नोव्हेंबरात मला किंवा तुमच्या टॅक्सवाल्याला विचारून अंदाजे आकडा काढा आणि डिसेंबरचं आयआरएचं विड्रॉवल करताना तेवढा टॅक्स त्यातूनच कापायला सांगा. असा कापलेला टॅक्स आयआरएस वर्षभर सारखा भरला असं धरते, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कापला तरी.

आणि हो, ४,००० डॉलर व्याज येतंय म्हणजे पुण्यातली एफडी दहा हजार डॉलरच्या कितीतरी वर असणार, तर एफबार (परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरलाय का ते विचारा. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, टॅक्स काही लागत नाही पण न भरल्याचा दंड बाबांच्या सगळ्या बिलापेक्षा मोठा असू शकतो. टॅक्सवाल्याने ते व्याज धरलं आणि एफबारचं विचारलंच नसेल, तर तेवढ्यासाठी मात्र बाबांनी त्याच्यावर खुशाल चिडावं.